प्रोता नेनादोविच आणि बंडखोरांचा कायदा



सर्बियाच्या पश्चिम भागात कोलुबारा नदीच्या काठी वाल्येवो नावाचे गाव आहे. ४ फेब्रुवारी १८०४ रोजी या गावात दोन माणसांचा भर लोकांसमोर शिरच्छेद करण्यात आला. एकाचे नाव आलेक्सा नेनादोविच, दुसऱ्याचे इलिया बिर्चानिन. दोघेही क्नेझ होते. क्नेझ म्हणजे गावगाड्याचा मुखत्यार : लोकांकडून सारा गोळा करणारा, सरकारदरबारी लोकांची बाजू मांडणारा आणि गावातील लहानसहान तंटे मिटवणारा. आलेक्साने सावा नदीपलीकडे झेमून येथे असलेल्या एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला पत्र लिहिले होते. ते पत्र वाटेतच पकडले गेले. वधाच्या वेळी मेहमेद आगा फोचिच या तुर्क सरदाराने तेच पत्र हाती धरून जमलेल्या लोकांना दाखवले. चौकशी झाली नाही, साक्ष झाली नाही, काझीसमोर कोणाला उभे केले गेले नाही.

आलेक्साचा मुलगा मातेया त्या वेळी सुमारे सत्तावीस वर्षांचा होता. व्यवसायाने तो धर्मगुरू. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वरिष्ठ पाद्र्याला प्रोता म्हणतात, म्हणून इतिहासात तो प्रोता मातेया या नावानेच ओळखला जातो. पित्याचा असा वध झालेला तरुण तलवार उचलतो, यात नवल नाही. मातेयानेही ती उचलली. परंतु त्याच वर्षी या तरुण पाद्र्याने आणखी एक गोष्ट केली. बंदूक खांद्यावर असलेल्या लोकांसाठी त्याने कायदा लिहिला. आजचे व्याख्यान त्या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. राजवट उलथवण्याचे शास्त्र जगातील चळवळींना बऱ्यापैकी अवगत असते. राजवट उलथल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी दोन शेजारी बैलावरून भांडले, तर त्यांचा निवाडा कोणी करायचा, हा प्रश्न मात्र बहुतेक चळवळींना अवघड जातो. प्रोता मातेया नेनादोविच यांचे सारे सार्वजनिक आयुष्य या प्रश्नाशी झुंजण्यात गेले.

त्या काळी बेलग्रेडचा प्रांत तुर्की साम्राज्याचा एक पाशालिक होता. जमीन सुलतानाची, तिच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा सिपाह्यांचा. आपल्याला हा शब्द ओळखीचा आहे, पण तिथे त्याचा अर्थ घोडदळाची चाकरी करणारा जहागीरदार असा होता. ही व्यवस्था जाचक होती, तरी तिला एक रीत होती. शेतकऱ्याला किती द्यायचे ते ठाऊक असे. बिघडले ते जानिसारी फौजेतील चार म्होरक्यांनी प्रांत बळकावला तेव्हा. त्यांना दाही म्हणत. हाजी मुस्तफा पाशा हा सुलतानाचा सुभेदार इतका न्यायी होता की ख्रिस्ती रयत त्याला सर्बांची आई म्हणत असे. १८०१ च्या अखेरीस दाहींनी त्याला ठार केले आणि गावोगाव आपले हस्तक बसवले. सिपाह्याच्या दशांशावर आता नव्या मालकाचा नववा हिस्सा चढला. म्हणजे एकाच शेतावर दोन धनी आले आणि दाद मागायला एकही उरला नाही. सुलतान तिसरा सेलीम दाहींवर संतापलेला आहे, रयत त्याच्या बाजूने उठेल, अशी भीती दाहींना वाटली. म्हणून रयतेचे पुढारी आधीच संपवावेत असे त्यांनी ठरवले. १८०४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत गावोगावचे क्नेझ, पाद्री आणि मातब्बर माणसे मारली गेली. आलेक्सा त्यांपैकी एक.

ज्या उठावाची भीती होती तो उठाव या कत्तलीनेच घडवून आणला. फेब्रुवारीच्या मध्यास ओराशात्स या गावी जमलेल्या लोकांनी जॉर्जे पेत्रोविच या डुकरांच्या व्यापाऱ्याला आपला नेता निवडले. तोच काराजॉर्जे, म्हणजे काळा जॉर्जे. पश्चिमेकडे वाल्येवो भागात आलेक्साचा भाऊ याकोव आणि मुलगा मातेया यांनी लोक उठवले. हे बंड आरंभी सुलतानाविरुद्ध नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बंडखोर स्वतःला सुलतानाची इमानी प्रजा म्हणवत आणि दाहींना खरे बंडखोर ठरवत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चारही दाही मारले गेले. मग प्रश्न उभा राहिला तो पुढचा.

तुर्क गेले, त्यांच्याबरोबर काझीही गेला. काझीचा न्याय विकत मिळे, तो ख्रिस्ती रयतेची साक्ष कमी लेखे, हे सगळे खरे. पण तो होता. आता प्रत्येक घरात बंदूक होती आणि न्याय देणारा कोणी नव्हता. जुनी वैरे उफाळून आली. मुली पळवून नेण्याची चाल होती, ती बळावली. लढाईतून पळून घरी जाणारे होते, मोकळ्या झालेल्या गावांत लूट करणारे होते. दाही परवडले असे कोणी शेतकरी म्हणाला असता, तर त्याला दोष देता आला नसता. अशा वेळी प्रोता मातेया यांनी पोथ्या काढल्या. पाद्र्याच्या घरी दुसरे काय असणार? त्यांच्यापाशी क्रमचिया होती. तेराव्या शतकात संत साव्हाने रचलेला हा चर्चच्या आणि दिवाणी नियमांचा संग्रह, आणि त्यात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यांचे अंश आहेत. शिवाय मोझेसचे नियम सांगणारा बायबलचा जुना करार होता. या दोहोंतून निवडून, त्यात गावची रीत मिसळून, त्यांनी थोडी कलमे तयार केली आणि ती वाल्येवोच्या लोकांपुढे वाचली. आधुनिक सर्बियातील लिखित कायद्याचा आरंभ येथे मानला जातो.

ही कलमे सौम्य नव्हती. खून करणाऱ्याला मृत्यूची शिक्षा होती. चोराला आणि फौज सोडून पळणाऱ्याला कठोर दंड होता. मुलगी पळवली तर नुसत्या नवऱ्या मुलाला नव्हे, त्याला साथ देणाऱ्या वऱ्हाड्यांनाही फटके होते आणि मुलगी आईबापांकडे परत पाठवायची होती. आजच्या वाचकाला या शिक्षा रानटी वाटतील. मोझेसच्या कठोरपणाचा आधार आपण घेतला, हे प्रोतांनी आपल्या आठवणींत लपवलेले नाही. पण या कलमांची खरी किंमत शिक्षेच्या मापात नाही. खून झाला तर मेलेल्याचे भाऊ बदला घेणार नाहीत, सर्वांच्या वतीने कोणीतरी शिक्षा देईल, एवढे त्यांत मान्य झाले. मुलगी ही लुटीची वस्तू नव्हे, हेही मान्य झाले. ज्या समाजात सूड हे कर्तव्य मानले जाते, त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. आणखी एक गोष्ट : कायदा करणारा माणूस स्वतः सूड घेण्याचा सर्वांत मोठा हक्कदार होता. कोलुबाराकाठी त्याचा बाप मारला गेला होता, त्याला जेमतेम काही महिने झाले होते.

१८०४ च्या शरद ऋतूत प्रोता मातेया, योव्हान प्रोतिच आणि पेतार चार्दाक्लिया असे तिघे एका होडीतून डॅन्यूबच्या प्रवाहाने निघाले. रशियाचा झार आपल्या धर्माचा आहे, तो मदत करील, ही आशा. रशिया नेमका कुठे, किती दूर, याची त्यांना धड कल्पना नव्हती. पुढे लिहिलेल्या आठवणींत प्रोतांनी स्वतःची तुलना कोलंबसशी केली आहे. कोलंबस जसा अज्ञात भूमी शोधायला निघाला, तसे आपण रशिया शोधायला निघालो, असे ते म्हणतात. त्यात विनोदही आहे आणि व्यथाही. युरोपच्या राजकारणाला सर्बिया नावाचा देश आहे हेच ठाऊक नव्हते. तो आहे, हे सांगायला एक पाद्री होडीत बसून निघाला होता.

सेंट पीटर्सबर्गमध्ये परराष्ट्र खाते प्रिन्स आदाम चार्तोरिस्की यांच्याकडे होते. हा पोलिश सरदार. त्याचा स्वतःचा देश तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेला, आणि तो त्यांपैकीच एका साम्राज्याची चाकरी करत होता. छोट्या राष्ट्राचे दुःख त्याला समजत असणार. पण त्या वेळी रशिया आणि तुर्कस्तान यांचे सख्य होते, डोळा नेपोलियनवर होता. पदरात पडले ते थोडे पैसे आणि एक सल्ला : लोकांचे एखादे मंडळ स्थापन करा, ज्याच्याशी परकी सरकारे बोलू शकतील. तोफा मागायला गेलेल्या माणसाला घटनाशास्त्राचा धडा मिळाला. मोठ्या सत्तांचे हे औदार्य जगाला नवे नाही. तरीही हा सल्ला प्रोतांनी मनापासून घेतला, कारण तो त्यांच्या मनातलाच होता.

या प्रवासात त्यांना एक माणूस मिळाला, तो मात्र तोफांहून मोलाचा ठरला. खार्कोवच्या नव्या विद्यापीठात तेओदोर फिलिपोविच नावाचा एक सर्ब तरुण कायदा शिकवत होता. ऑस्ट्रियाच्या हद्दीतील रूमा गावचा हा रहिवासी, पेस्त येथे कायद्याचे शिक्षण झालेला. रोमन कायदा शिकवण्यात आयुष्य सुखाने गेले असते. पण मायदेशातून आलेल्या या तिघांची भेट झाली आणि त्याने नोकरी सोडली, त्यांच्याबरोबर पीटर्सबर्गला गेला आणि तेथून बंडखोरांच्या छावणीत आला. ऑस्ट्रियात राहणाऱ्या आपल्या घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याने नाव बदलले. इतिहास त्याला बोझिदार ग्रुयोविच या नावाने ओळखतो. प्रकृती क्षयाने पोखरलेली, हातात बंदूक धरण्याची सवय नाही, आणि भोवती सगळे डुकरांचे व्यापारी, शेतकरी आणि लढवय्ये. अशा माणसाकडे मंडळाचे चिटणीसपद आले.

१८०५ मध्ये मंडळ स्थापन झाले. त्याचे नाव शासनकर्ती परिषद असे होते आणि परिषदेसाठी त्यांच्या भाषेतला शब्द होता सोव्येत. १९१७ नंतर हा शब्द जगभर दुमदुमला. पण त्याचा मूळ अर्थ साधा, सल्लामसलत करणारे मंडळ एवढाच. प्रत्येक नाहियातून, म्हणजे परगण्यातून, एक प्रतिनिधी यावा अशी योजना होती. प्रोता मातेया पहिले अध्यक्ष झाले. परिषदेला बसायला जागा नव्हती. आधी व्होल्याव्चाचा मठ, मग बोगोव्हाजाचा मठ, नोव्हेंबर १८०५ मध्ये स्मेदेरेव्होचा किल्ला हाती आल्यावर ते गाव, आणि बेलग्रेड जिंकल्यावर बेलग्रेड, असा तिचा संसार हलत राहिला. कामे मात्र डोईजड होती : फौजेला धान्य आणि दारूगोळा पुरवणे, कर बसवणे, परक्या सरकारांशी पत्रव्यवहार, आणि सर्वांत वरचे न्यायालय म्हणून तंटे ऐकणे. गावात क्नेझचा निवाडा, नाहियात दंडाधिकाऱ्यांचे मंडळ आणि त्यावर परिषद, अशी न्यायाची उतरंड पुढच्या काही वर्षांत आकाराला आली. दुसऱ्याच्या बंदुकीला न भिता दाद मागता येईल अशी जागा शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांत प्रथमच दिसली.

परिषदेच्या आरंभासाठी ग्रुयोविच यांनी एक भाषण आणि एक मसुदा लिहिला. सर्बियाच्या राजकीय विचारातले ते पहिले मोठे पान आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : देशाचा पहिला धनी आणि पहिला न्यायाधीश कायदा आहे. सरदार, पुढारी, परिषद, धर्मगुरू, फौज आणि सगळी रयत या सर्वांनी कायद्याच्या खाली उभे राहिले पाहिजे. आणि कायदा म्हणजे बलिष्ठाची मर्जी नव्हे, त्याचा आधार विवेक आणि न्याय. जिथे जीवित, मालमत्ता आणि अब्रू यांचे रक्षण नाही तिथे स्वातंत्र्य नाही. आणि स्वातंत्र्य नाही तिथे जगण्यात अर्थ नाही. देशासाठी ग्रुयोविच जो शब्द वापरतात तो विलायेत. हाच अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि आपण त्याने साता समुद्रापलीकडचा इंग्लंड ओळखू लागलो; सर्बांच्या तोंडी त्याचा अर्थ पायाखालची स्वतःची भूमी असा राहिला. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा विचार पेस्त आणि खार्कोवच्या वाटेने बाल्कनच्या डोंगरात पोहोचला, तो असा तुर्की दरबाराच्या शब्दांत बोलू लागला.

पण सरदारांना हे रुचावे कसे? बंडाने नवे धनी निर्माण केले होते. प्रत्येक व्होय्व्होदा, म्हणजे फौजेचा सरदार, आपल्या भागातील राजा बनला होता. तुर्कांच्या मोकळ्या झालेल्या जमिनी, घरे, गिरण्या, नदीवरच्या उताराची आणि जकातीची नाकी यांवर त्यांचा ताबा होता. त्यांनी जीव धोक्यात घालून लढाया जिंकल्या होत्या हेही खोटे नव्हते. मठाच्या खोलीत बसून कोणी चिटणीस आपल्याला कायद्याच्या खाली उभे राहायला सांगतो, हे त्यांना अपमानासारखे वाटे. इथे प्रोतांची स्थिती फार अवघड होती. पश्चिमेचा सर्वांत बलाढ्य व्होय्व्होदा म्हणजे त्यांचा सख्खा चुलता याकोव नेनादोविच. चुलत्याच्या सत्तेमुळेच पुतण्या अध्यक्षपदावर टिकला असणार, आणि त्याच सत्तेला लगाम घालणे हे त्या पदाचे काम होते. घराणेशाही आणि लोकशाही एकाच उंबऱ्यात राहत होत्या.

काराजॉर्जे परिषदेशी कसा वागला याची एक हकीगत प्रसिद्ध आहे. परिषदेने त्याला न रुचणारा निर्णय घेतला, तेव्हा त्याने आपल्या शिपायांना सभागृहाच्या खिडक्यांतून बंदुका रोखायला लावले. ऊबदार खोलीत कायदे करणे सोपे आहे, उद्या तुर्क चालून आले तर लढणार कोण, असा त्याचा रोख होता. या वाक्याचे उत्तर देणे सोपे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. काराजॉर्जे ढोंगी नव्हता. तुर्क खरोखरच चालून येत होते आणि लढणारा खरोखरच तो होता. पण बाहेर शत्रू आहे म्हणून आत प्रश्न विचारायचा नाही, हा युक्तिवाद एकदा मान्य झाला की तो कायमचा मान्य होतो, कारण बाहेर शत्रू नेहमीच असतो. आपल्या देशाने १९७५ ते १९७७ या काळात हे अनुभवले आहे.

काराजॉर्जेच्या न्यायाचे दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचा धाकटा भाऊ मारिन्को याने एका मुलीवर अत्याचार केला. तक्रार आली. काराजॉर्जेने भावाला स्वतःच्या घराच्या दारातच फाशी दिली आणि आईला उघडपणे शोक करायलाही मनाई केली. सर्ब लोक आजही हा प्रसंग आदराने सांगतात. सत्ताधाऱ्याच्या भावाला शिक्षा होणे ही कोणत्याही देशात दुर्मिळ गोष्ट. मुलीला न्याय मिळाला. पण तो कोणी दिला? आरोप ऐकणारा, निकाल देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा एकच माणूस होता. आज त्याने भावाला फाशी दिली. उद्या रागाच्या भरात तो निरपराध माणसालाही देऊ शकत होता, आणि त्याने अनेकांना रागाच्या भरात मारले असे त्याचे चाहतेही सांगतात. काझी नसलेल्या प्रदेशात तो स्वतःच काझी झाला. प्रोता मातेया यांचे वाल्येवोचे लहानसे कलमपत्र आणि काराजॉर्जेचे दारातले फास, दोन्ही एकाच काळातले, एकाच लोकांतले. कोणता न्याय टिकाऊ, हे लोकांना त्या वेळी दिसत नव्हते. भावाला फाशी देणारा नेता त्यांच्या मनात खोल रुतला, कलमे विस्मरणात गेली.

कायद्याची सर्वांत मोठी हार १८०७ मध्ये झाली. बेलग्रेडचा किल्ला शरण आला. सुलेमान पाशा आणि त्याच्या लोकांना सुखरूप जाऊ देण्याचे वचन दिले होते. ते शहराबाहेर पडताच त्यांची कत्तल झाली. नंतर शहरात राहिलेले मुसलमान नागरिक मारले गेले, काहींना बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला. ज्या लोकांचे पुढारी चौकशीवाचून मारले गेले होते, ज्यांचा उठाव त्या अन्यायातून जन्मला होता, त्यांच्याच हातून हे घडले. याला दाहींचा सूड म्हणून माफ करता येत नाही, कारण मेलेले बहुसंख्य लोक दाही नव्हते, सामान्य कारागीर आणि बायकामुले होती. त्याच वर्षी ग्रुयोविच क्षयाने मरण पावले. वय तिशीच्या आसपास. परिषदेत ते दीड-दोन वर्षेच होते.

ग्रुयोविच यांच्यामागे चिटणीसपद इव्हान युगोविच यांच्याकडे आले. १८०८ मध्ये त्यांनी बेलग्रेडला वरिष्ठ शाळा काढली, तिथे व्हुक काराजिच शिकले. पुढे सर्बियन भाषेला आजचे रूप देणारे तेच हे व्हुक. परिषदेचा पहिला इतिहासही त्यांनीच लिहिला. त्यामुळे परिषदेने काहीच केले नाही असे म्हणता येत नाही. पण सत्ता तिच्या हातून निसटत होती. प्रोतांचे अध्यक्षपद गेले आणि म्लादेन मिलोवानोविच यांचा जमाना सुरू झाला. हा माणूस कर्तबगार, पण जकात, जप्त मालमत्ता आणि निर्यातीचा व्यापार आपल्या मुठीत ठेवणारा. त्याच्याविरुद्ध ओरड झाली तेव्हा याकोव नेनादोविच शेकडो सशस्त्र माणसे घेऊन सभेला आला आणि स्वतः अध्यक्ष झाला. म्हणजे तक्रार लोकशाहीची, उपाय बंदुकीचा. १८११ मध्ये काराजॉर्जेने परिषदेचे मंत्रिमंडळ बनवून टाकले. मिलेन्को स्तोयकोविच यांना परराष्ट्र आणि पेतार दोब्रन्यात्स यांना न्याय खाते देऊ केले. दोघेही आपापल्या भागाचे बलाढ्य सरदार. त्यांनी पदे नाकारली, तेव्हा दोघांना हद्दपार केले. मंत्रिपद नाकारणे हा हद्दपारीचा गुन्हा ठरतो, तेव्हा मंत्रिपदाला काय अर्थ उरतो? याच मंत्रिमंडळात शिक्षण खाते दोसितेय ओब्रादोविच या विद्वानाकडे गेले, ही त्यातली एक उजळ बाजू. आजन्म भटकलेला हा माजी संन्यासी त्याच वर्षी वारला.

अखेर बाहेरच्या राजकारणाने निकाल लावला. नेपोलियन चालून येत असल्यामुळे रशियाने १८१२ मध्ये बुखारेस्टला तुर्कांशी तह केला. सर्बांविषयी त्यात एक मोघम कलम होते. १८१३ च्या शरद ऋतूत तुर्क फौजा सर्बियात शिरल्या आणि नऊ वर्षांचे बंड काही आठवड्यांत कोसळले. काराजॉर्जे सीमेपलीकडे ऑस्ट्रियात गेला. प्रोताही गेले.

पुढच्याच वर्षी प्रोता मातेया पुन्हा प्रवासाला निघाले. या वेळी व्हिएन्नाला. नेपोलियन पडला होता आणि युरोपचे राजे नकाशा वाटून घ्यायला जमले होते. वेशीबाहेरच्या गावातला हा पाद्री आता छत्तीस-सदतीस वर्षांचा. हातात सैन्य नाही, देश नाही, फक्त अर्ज. तो बादशहा फ्रान्सिसला भेटला, निरनिराळ्या राज्यांच्या प्रतिनिधींना अर्ज दिले. त्या परिषदेत पोलंडवर भांडणे झाली, सॅक्सनीवर भांडणे झाली, मेजवान्या आणि नाच झाले. सर्बांना काही मिळाले नाही. तरीही व्हिएन्नातल्या या फेऱ्या निरर्थक नव्हत्या. तुर्कीतील ख्रिस्ती रयतेचा प्रश्न हा तुर्की सुलतानाचा घरगुती मामला आहे, ही समजूत अशा अर्जांनीच हळूहळू झिजली.

१८१५ मध्ये मिलोश ओब्रेनोविच याने दुसरा उठाव केला आणि प्रोता परतले. मिलोश काराजॉर्जेहून अगदी निराळा. लढाई थोडी, सौदा जास्त. त्याने तुर्कांशी अर्धवट तडजोड करून सत्ता हातात घेतली. १८१७ मध्ये काराजॉर्जे गुप्तपणे परतला, तेव्हा मिलोशच्या सांगण्यावरून त्याचा खून झाला आणि त्याचे शिर इस्तंबूलला पाठवण्यात आले. मिलोशने १८३० मध्ये स्वायत्तता मिळवली आणि पाठोपाठ सिपाह्यांचे हक्क संपवले. शेतकरी आपल्या जमिनीचा मालक झाला. युरोपच्या त्या भागात हे फार लवकर घडले. शेजारच्या बोस्नियातील शेतकऱ्याला पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत वाट पाहावी लागली. इतके मोठे काम करणारा हा मनुष्य स्वतः मात्र देशातील सर्वांत मोठा व्यापारी झाला आणि न्यायालयांचे निकाल आपल्या मर्जीने फिरवू लागला. त्याविरुद्ध बंड झाले. १८३५ च्या फेब्रुवारीत पत्रकार दिमित्रिये दाविदोविच यांनी लिहिलेली राज्यघटना जाहीर झाली. तिच्यात राजाची सत्ता मर्यादित होती, न्यायालय स्वतंत्र होते, आणि सर्बियाच्या भूमीवर पाऊल ठेवणारा गुलाम मुक्त होईल असे कलम होते. रशिया, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान या तिघांनाही ती धोकादायक वाटली. दोन महिन्यांच्या आत ती मागे घ्यावी लागली. ग्रुयोविच यांच्या पानावरचा विचार तीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला आणि पुन्हा पुसला गेला.

स्वेतोझार मार्कोविच या सर्बियन समाजवाद्याने १८७२ मध्ये या सगळ्या इतिहासाकडे मागे वळून पाहिले, तेव्हा त्याचे मत असे पडले की १८०४ चा उठाव ही केवळ तुर्कांविरुद्धची लढाई नव्हती. ती जमीनदारी उलथवणारी सामाजिक क्रांती होती. पण क्रांतीनंतर गावसभेच्या हाती सत्ता राहिली नाही. ती आधी सरदारांकडे, नंतर राजाकडे, शेवटी पगारी नोकरशाहीकडे गेली. शेतकरी सिपाह्यातून सुटला आणि सावकाराच्या व कारकुनाच्या हाती सापडला. मार्कोविचचे हे विवेचन बरेचसे पटण्याजोगे आहे. मात्र त्यात एक उणीव जाणवते. गावसभेवर त्याची श्रद्धा इतकी मोठी की लिखित कायदा आणि स्वतंत्र न्यायालय यांना तो कारकुनशाहीच्याच खात्यात जमा करतो. गावसभाच बलिष्ठाच्या दडपणाखाली आली तर दुर्बळाने जायचे कुठे? प्रोतांची कलमे नेमकी त्या दुर्बळासाठी होती : पळवलेल्या मुलीसाठी, बैल चोरीला गेलेल्या शेतकऱ्यासाठी, ज्याच्या घरात बंदूक नाही त्याच्यासाठी. मार्कोविच १८७५ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्यालाही क्षयानेच गाठले.

प्रोता मातेया मात्र दीर्घायुषी ठरले. मिलोशच्या काळात त्यांना पदे मिळाली, अवकृपाही सोसावी लागली. १८४२ मध्ये काराजॉर्जेचा मुलगा आलेक्सांदर गादीवर आला. त्याची पत्नी पेर्सिदा ही याकोवची नात, म्हणजे प्रोतांच्याच घरातली. त्या काळात ते राज्य परिषदेचे सदस्य होते. ज्या घराण्याशी सत्तेसाठी झगडा झाला, त्याच घराण्याशी सोयरीक झाली. प्रोतांना त्यात विसंगती वाटली की नाही, ते त्यांच्या लिखाणातून कळत नाही.

ब्रान्कोविना या आपल्या गावी त्यांनी १८३० मध्ये चर्च बांधले आणि १८३६ मध्ये शाळा. म्हातारपणी ते मुलांसाठी आठवणी लिहू लागले. भाषा गावाकडच्या ओसरीवर बसून बोलावी तशी. स्वतःची फजिती सांगताना ते कचरत नाहीत : होडीतला प्रवास, पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यातला गोंधळ, राजांसमोर घातलेल्या लोटांगणांचा वैताग, सारे त्यात आहे. या आठवणी पुऱ्या झाल्या नाहीत. ११ डिसेंबर १८५४ रोजी वाल्येवोत त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा ल्युबोमिर हा लेखक होता. त्याने वडिलांची हस्तलिखिते जुळवून १८६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. कोलुबाराकाठी शिरच्छेद झालेल्या आलेक्साची ती पकडलेली चिठ्ठी, फोचिचने हातात धरलेली, या पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे. ब्रान्कोविनाच्या चर्चच्या आवारात नेनादोविच घराण्याच्या कबरी आहेत. १८३६ ची शाळेची इमारतही तिथेच उभी आहे.